एकसारखे दोन दगड

मास्तरकी संपून बरीच वर्षं झाली, पण अजूनही रस्त्याने चालताना एखादा बरा दगड दिसला की माझा हात आपोआप खाली जातो. उचलायचा, उलटा करायचा, नखाने खरवडायचा, तळहातावर तोलायचा आणि परत जागेवर ठेवायचा. सुनेला हे आवडत नाही. "मामंजी, लोक बघतात," असं ती म्हणते. लोकांनी बघावं म्हणूनच तर मी जन्मभर दगड दाखवत आलो, हे तिला कोण सांगणार? संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नाव काढलेले विद्यार्थी आणि आदर्श शाळा असलं काहीतरी असावं. माझ्याकडे दगड आहेत. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण माझ्याजवळ वीटसुद्धा नाही, त्यामुळे वाचकांनी चालवून घ्यावं.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं, पोलीस ॲक्शनच्या काही वर्षं आधीचं. राजूरच्या गणपतीहून भोकरदनकडे जाताना आत एक गाडीवाट फुटते. तिच्या टोकाला माझ्या पहिल्या नेमणुकीचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या दुकानदाराची ही गोष्ट आहे त्याचे नातू आजही तिथं दुकान चालवतात आणि आमचा अजून रामराम टिकून आहे. शाळेचं सरकारी नाव 'मदरसा तहतानिया', म्हणजे चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा. मास्तर मी एकटा. हुद्दा मात्र 'सदर मुदर्रिस', म्हणजे मुख्याध्यापक. हाताखाली कुणीच नसल्यामुळे मी स्वतःलाच हुकूम सोडायचो आणि स्वतःच ते टाळायचो.

शाळेला इमारत नव्हती. गावातले मोठे दुकानदार नारायणशेट यांनी दुकानाला लागून असलेली आपली बखार शाळेला वापरायला दिली होती. पुढच्या अर्ध्या भागात आम्ही, मागच्या अर्ध्यात मिरच्यांची पोती. सुगीत तर पाढे म्हणताना अख्खा वर्ग शिंकायचा. शेट भाडं घेत नसत. त्याबदली येता-जाता दारातून डोकावून एकच वाक्य म्हणत, "शाळा आपली हाये मास्तर, तुमी तेवढे सरकारचे." मी हसून मान डोलवायचो. दुसरं करणार काय, पावसाळ्यात झाडाखाली शाळा भरवणार?

नारायणशेट वाईट माणूस नव्हता. दसऱ्याला पोरांना रेवड्या वाटायचा, कुणाच्या घरी मयत झाली तर न सांगता लाकडं पाठवायचा. गावाचा कापूस, मिरची, भुईमूग तो विकत घेई आणि गावाला गूळ, मीठ, सरकी, पेंड विकी. दुकानात लहान वजनं लोखंडाची होती, सरकारी शिक्क्याची. मोठं वजन मात्र दगडाचं. पाच शेरांची पासरी म्हणजे काळ्या पाषाणाचा एक गोटा, हाताळून हाताळून तुळतुळीत झालेला, डोक्यावर चुन्याचा ठिपका. तेव्हा खेडोपाडी हीच चाल होती. दगड गंजत नाही, झिजत नाही आणि खोटं बोलत नाही, असा लोकांचा विश्वास होता. घरी नेलेला गूळ कमी भरला तर लोक मुंग्यांना दोष देत, आणि विकलेली मिरची कमी भरली तर उन्हाला.

शेटची धाकटी मुलगी गोदा माझ्या चौथीत होती. गावातल्या बाकीच्या मुली शाळेत येत नसत. गोदा येई, कारण शाळा तिच्या घराच्या भिंतीला लागून होती. तिच्या आईच्या हिशेबी ती शाळेत नव्हतीच, बखारीत खेळत होती. पोरगी भारी चौकस. मी काही सांगितलं की बाकीची मुलं माना डोलवत आणि गोदा विचारी, "कशावरून?" हा प्रश्न पोरांना शिकवायला मास्तरचं आयुष्य जातं, हिनं तो जन्मासोबतच आणला होता. मला ती पोटच्या पोरीसारखी होती, हे आता सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

तर एका वर्षी वरून हुकूम आला की इथून पुढे मुलांना वस्तुपाठाने शिकवावं. नुसतं पुस्तक वाचू नये. वस्तू मुलांच्या हातात द्यावी, त्यांनी ती पाहावी, चाचपावी, परीक्षा करावी. वाचून मला इतका आनंद झाला की मी तो हुकूम वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. पाठोपाठ औरंगाबादहून एक शिसवी पेटी आली. आत राज्यातल्या खडकांचे नमुने. पेटीला पितळी कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का, आणि सोबत सूचना: पेटी हुकमाशिवाय उघडू नये. किल्ली भोकरदनला, तालुक्याच्या कचेरीत. म्हणजे वस्तू मुलांच्या हातात द्यायची, पण पेटीतून काढायची नाही. मी महिनाभर मुलांना पेटी चाचपायला दिली. शिसवी लाकूड सगळ्यांना छान ओळखू येऊ लागलं.

मग मी विचार केला की सरकारचे दगड कुलपात असले तरी गावचे तर मोकळे आहेत. मुलांना सांगितलं, "उद्या प्रत्येकानं घरून एक दगड आणायचा. दुसऱ्या कुणाकडे नसेल असा." ही माझी चूक. दगड म्हटल्यावर पोरं ओढ्यावर जातील, असं मी धरून चाललो होतो. पण मी तर 'घरून' म्हटलं होतं, आणि त्या गावात घरातला कुठलाच दगड रिकामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक वरवंटा आला. त्याच्या मागोमाग चटणीने हात भरलेली एक बाई आली. "मास्तर, ठेचा अर्धा राह्यला, आन् ह्यो कारटा वरवंटा घेऊन पळाला." एकाने धोब्याच्या घाटावरचा चपटा दगड आणला होता, एकाने चुलीच्या तीन दगडांतला एक. त्या घरी त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. आणि बिगारीतल्या, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातल्या एका पोराने घरच्या बांधावरचा म्हसोबा आणला. शेंदूर लावलेला, अगदी सुट्टा. त्याचा आजा काठी टेकत आला. मला वाटलं आता मार खातो. म्हातारा म्हसोबासमोर उकिडवा बसला, हात जोडले आणि मला म्हणाला, "आता हलवू नका त्याला. देव आपल्या पायानं आल्ता का हितं? आला ते आला. अमावस्येला नेऊ." म्हणून म्हसोबा अमावस्येपर्यंत शाळेत राहिला. त्या महिन्यात सगळ्यात चांगली हजेरी त्याची होती.

पण गंमत अशी की या उपद्व्यापातून वर्ग लागला. दगड कसा ओळखावा, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोळ्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा. आधी लोखंडी खिळ्याने ओरखडा काढायचा. मुरूम लगेच भुगा देतो, काळ्या पाषाणावर खिळाच झिजतो, आणि गारगोटी खिळ्याला हसते. मग पाण्याचा थेंब टाकायचा. गेरू तो पिऊन टाकतो, पाषाण तसाच मिरवतो. मग लिंबू पिळायचं. चुनखडी असेल तर बारीक फसफसते आणि पोरं ओरडतात. मग दुसऱ्या दगडाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. आणि शेवटी हातावर तोलायचं, कारण बाहेरून सारखे दिसणारे दगड आतून पोकळ, भरीव, कसेही असू शकतात. आपला काळा दगड म्हणजे जमिनीच्या पोटातून उकळून आलेला रस, तो थिजला. थिजताना त्यात कुठे कुठे हवा अडकली. दारात बसलेल्या त्या म्हसोबावाल्या आज्याने हे ऐकून विचारलं, "मंग आमी तव्यावर बसेल हाओ म्हना की." मी म्हटलं, हो, पण तवा निवाला आहे.

एकदा एका पोराने ओढ्यातून आणलेला ओबडधोबड गोटा हातोड्याने फोडला आणि आत पांढरेशुभ्र स्फटिक निघाले. साखरेचे खडे उभे करून ठेवावेत तसे. पोरं त्यावर तुटून पडली. मीही पडलो. पण दुसऱ्या दिवशी पाटील आले. पोरांनी त्यांच्या घराच्या जोत्याचा कोपरा फोडला होता. "मास्तर," पाटील म्हणाले, "तुमचे पोरं माह्या घराचं पोट पाहू राह्यले. आत साखर निंघाली तर मला बी सांगा." मी माफी मागितली. पोरांना ताकीद दिली की फोडण्याआधी त्यावर कुणाचं घर उभं आहे का, ते पाहायचं.

एवढ्यात खबर आली की मोहतमिम साहेब तपासणीला येणार. मोहतमिम म्हणजे जिल्ह्याच्या शाळा तपासणारा बडा अधिकारी. ते येताना पेटीची किल्लीही आणणार होते आणि वस्तुपाठ कसा चालतो ते स्वतः पाहणार होते. गावाने शाळा शेणाने सारवली. नारायणशेटने मिरच्यांच्या पोत्यांवर चादर टाकली. आणि संध्याकाळी मला दुकानात बोलावून चहा पाजला.

"मास्तर, गोदीचं काय करावं म्हंता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौथी झाली की जालन्याला मुलींच्या शाळेत घाला. तुमची बहीण आहे ना तिथं. शेटनं बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "घरात सगळे म्हनू राह्यले, उरकून टाका. एक ठिकान बी आल्तं सांगून. पर माझा जीव व्हत न्हाई. अस्सं करू. साहेबाच्या म्होरं पोरगी चमकली, तर जालन्याला धाडतो. न्हाई चमकली, तर तुमी बी काई बोलायचं न्हाई, मी बी न्हाई." मी कबूल झालो. भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. कारण बांगड्या वाजल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं मी लिहिणार नाही. छान लागली. कारण मला खात्री होती. सकाळी मी गोदाला म्हटलं, "साहेबांसमोर शेवटची परीक्षा तू करून दाखवायची. हातावर तोलायची. त्यासाठी दोन दगड शोध. दिसायला अगदी एकसारखे, पण वजनाला वेगळे. डोळा फसला पाहिजे, हात फसता कामा नये." तिनं विचारलं, "कुठून बी आनले तर चालतील?" मी म्हटलं, "कुठूनही आण, फक्त म्हसोबा नको." ती हसत पळाली.

साहेब आले. उंच, पांढरी दाढी, शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, बोलणं हैदराबादी उर्दू. सावकाश बोलायचे आणि मधेच मिस्कीलपणे डोळे बारीक करायचे. खिडक्यांत गाव लोटलं होतं. शेट दाराशी पानसुपारीचं तबक घेऊन उभे. साहेबांनी स्वतः लाखेचा शिक्का फोडला, खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. आत कापसाच्या गाद्यांवर दगड झोपलेले. साहेबांनी एक अलगद उचलून पहिल्या रांगेतल्या पोराच्या हातात दिला. त्यावर उर्दूत चिठ्ठी होती, 'संग-ए-सियाह', काळा दगड. पोराने तो उलटासुलटा केला आणि म्हणाला, "ह्यो तं आमच्या उकिरड्यावर पडेल हाये." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, "हुजूर, म्हणतो की हा दगड त्याच्या ओळखीचा आहे." साहेब खोकले, बराच वेळ खोकले.

मग वस्तुपाठ झाला. खिळा, पाणी, लिंबू. चुनखडी फसफसली तेव्हा साहेब पुढे वाकले आणि पोरांसारखे 'वाह!' म्हणाले. माझा ऊर भरून आला. मी गोदाला खूण केली.

गोदा पोत्यांमागे गेली आणि पदराखाली झाकावं तसे ओढणीखाली झाकून एकेक करत दोन दगड घेऊन आली. दोन्ही काळे, दोन्ही तुळतुळीत, दोन्हींच्या डोक्यावर चुन्याचा ठिपका. मी ते पाहिले. पहिल्यांदा मला वाटलं, शेटची पासरी आणली वाटतं. मग लक्षात आलं की पासरी एकच असते, आणि इथं दोन आहेत.

गोदाला थांबवायला वेळच नव्हता. तिनं वर्गाला विचारलं, "दिसायला?" वर्ग ओरडला, "एकसारखे!" तिनं खिळा ओढला, सारखंच. पाणी टाकलं, सारखंच. टिचकी मारली, आवाज सारखाच. मग ती सरळ साहेबांपाशी गेली आणि म्हणाली, "हात पुढं करा." मोहतमिम साहेबांना आयुष्यात कुणी असा हुकूम केला नसेल. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं एकावर एक, दुसऱ्यावर दुसरा ठेवला. साहेबांचा उजवा हात डाव्याहून चांगलाच खाली गेला. "अरे!" ते म्हणाले. "ये तो भारी है. तराज़ू है यहाँ?"

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "तराजू तं शेटच्या दुकानात हाये की!" आणि नको तेवढ्या तत्परतेने तराजू आला, आढ्याच्या खुंटीला लटकलाही. तोपर्यंत दाराशी शेटच्या हातातलं तबक तिरकं झालं होतं आणि सुपाऱ्या एकेक करून खाली पडत होत्या. गोदानं एका पारड्यात एक दगड ठेवला आणि दुकानातल्या सवयीने म्हणाली, "लाभ." व्यापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दुसऱ्या पारड्यात दुसरा ठेवला. एक पारडं धाडकन खाली बसलं, दुसरं वर उडालं.

"शाबाश बेटी," साहेब म्हणाले. "ये दोनों पत्थर मिले कहाँ?"

मी मराठीत विचारलं. गोदा खणखणीत म्हणाली, "दुकानातून. ह्यो जड हाये ना, त्यो घेन्याचा. कापूस, मिरची घेतेत तवा ह्यो काढतेत. आन् ह्यो हलका, त्यो देन्याचा."

त्या बखारीत त्या क्षणी फक्त एक शिंक ऐकू आली. खिडकीतली तोंडं हलेनात. गेल्या बाजारी ज्यांनी मिरची घातली होती ती, आणि गूळ नेला होता तीही. साहेबांनी माझ्याकडे मान वळवली. "क्या कहती है लड़की?"

माझ्या धंद्यात खरं सांगायचा पगार मिळतो. पण खरं सांगितलं तर साहेबांपुढे शेटची अब्रू जाते, आणि त्याची अब्रू गेली की गोदा जालन्याला जात नाही. खोटं सांगितलं तर तिची परीक्षा खोटी पडते, आणि तरी ती जालन्याला जात नाही. मी म्हटलं, "हुजूर, कहती है कि एक भारी है, एक हलका."

साहेबांनी डोळे बारीक केले. "मास्टरसाब, बीड में आठ साल रहा हूँ. लेने-देने की मराठी मैं भी समझता हूँ."

आणि तेवढ्यात नारायणशेट पुढे आला. व्यापारी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तबक खाली ठेवून, दोन्ही हात जोडून, हसत तो म्हणाला, "बराबर! बिलकुल बराबर सांगितलं पोरीनं! हुजूर, हे दोन दगड म्या मुद्दाम घडवून घेतले. शाळेच्या खातर. मास्तरांचा वस्तुपाठ हाये ना, एकसारखे दिसनारे पर वजनाला अलग. गावात असा नमुना दुसरीकडं न्हाई!"

"नहीं ही होगा," साहेब म्हणाले. मग उठले, दोन्ही दगड स्वतः उचलले आणि सरकारी पेटीत संग-ए-सियाहच्या शेजारी कापसावर ठेवले. "शेटजी, सरकार आपकी बड़ी शुक्रगुज़ार है. ऐसा नमूना तो औरंगाबाद में भी नहीं." त्यांनी पेटी मिटली, कुलूप लावलं, नवी लाख मागवून शिक्का मारला आणि किल्ली शेरवानीच्या खिशात टाकली. जाता जाता गोदाच्या डोक्यावर हात ठेवून शेटला म्हणाले, "इस बच्ची को आगे पढ़ाइए. ये हुकूम नहीं, दरख़्वास्त है." शेटनं मान लववली.

गर्दी पांगायला लागली. त्या वरवंट्यावाल्या बाईने दारातून जाताना शांतपणे विचारलं, "शेट, दगड तं शाळंत गेले. आता आमची मिरची कशानं मोजता?"

पुढचे दिवस मला फार वाईट गेले. गोदा शाळेत येईना. दुकान 'तब्येत बरी नाही' म्हणून बंद. भिंतीपलीकडून एकदा रडण्याचा आवाज आला आणि मी मध्येच पाढे थांबवले. पोरीचं जे काही बुडालं ते माझ्याच धड्यामुळे, असं वाटून अन्न गोड लागेना. पोरं विचारत, "गोदा कामून येईना?" मी म्हणायचो, पाहुणे आलेत.

मग एका संध्याकाळी शेट ओसरीवर बोलावून म्हणाले, "मास्तर, पेटी उघडा."

"किल्ली परत भोकरदनला गेली, शेट. हुकूम लागेल."

"कुलूप मोडता येतं."

"सरकारी शिक्का आहे."

 शेट हळू म्हणाले, "दगड माघारी आले तर गोदी जालन्याला. न्हाई आले तर न्हाई. दुकान सुरू करायचं हाये मला. लोकायच्या डोळ्याम्होरं त्या पेटीत ते दगड हायेत, तवरोक मी गल्ल्यावर कसा बसू?"

वर्गातला हातोडा कुठं ठेवलाय ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. पोरीसाठी मी कुलूप मोडलंही असतं. तोंड उघडणार, तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या आणि गोदाच्या आईचा आवाज आला. या बाईला मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"न्हाई धाडायचं तर नका धाडू पोरीला," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली हाये ती बरी. दुकानात बसवते मी तिला. गिऱ्हाइकायला दगड हातावर तोलून दावायला तिच्यावानी कोनी न्हाई."

शेटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मास्तरकीच्या सबंध आयुष्यात इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही. मी ओसरीवरून उठलो आणि पादत्राणं शोधण्याच्या निमित्ताने पाठ वळवून हसून घेतलं.

येत्या बाजाराच्या आधीच गोदाचं जायचं ठरलं. मोठा चांगला मुहूर्त निघाला म्हणे. आणखी चार महिने थांबून शाळा सुरू होताना पाठवा, असं मी म्हणून पाहिलं. शेट म्हणाले, "नका, जल्दी जाऊ द्या. घरात तिचं मन लागंना." मन कुणाचं लागेना ते मी विचारलं नाही.

सकाळी दुकानासमोर बैलगाडी उभी होती. गोदाची ट्रंक, गाठोडं, मी दिलेला खिळा आणि आतून स्फटिक असलेल्या त्या गोट्याचा अर्धा तुकडा. आई दारात उभी, डोळे कोरडे. नारायणशेट मात्र रडत होता. अगदी मोकळा, लहान मुलासारखा. गाडीच्या चाकावर हात ठेवून तो लेकीला सांगत होता, आत्याचं ऐक, उन्हात हिंडू नको, रोज दूध पी. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. लबाड माणसाचंही लेकरावर प्रेम खरंच असतं, आणि त्याला तोलायला माझ्याकडे काही माप नव्हतं.

गोदा शहाण्यासारखी हो हो म्हणत होती. मग तिची नजर दुकानाकडे गेली. दुकान त्याच सकाळी उघडलं होतं. तराजूजवळ नवीन काळं काहीतरी चमकत होतं.

"बाबा, नवी पासरी आनली?"

"आनली ना," शेट डोळे पुसत म्हणाले. "लोखंडी हाये. सरकारी शिक्क्याची."

गोदानं त्यांच्याकडे पाहिलं, वर्गात माझ्याकडे पाहायची अगदी तसं.

"एकच?"

शेटनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारात उभ्या बायकोकडे. मग गाडीवानाला म्हणाले, "हाक रे गाडी. ऊन व्हऊ राह्यलं."